मांडवातली विमानं

आमच्या घरात कागद दोनच कामांना लागायचा. एक म्हणजे आई बाजाराला सुकट घेऊन जायची तिच्या पुड्या बांधायला, आणि दुसरं, पावसाळ्यात सरपण ओलं असलं की चूल पेटवायला. जपून ठेवायचा कागद घरात आला तो माझ्यामुळं, आणि गंमत अशी की मलाच तो वाचता येत नव्हता. मी चौथी शिकलेला माणूस. पाचवीची शाळा खाडीपलीकडं होती, होडीनं जावं लागायचं, आणि होडी मासळीला जास्त लागायची. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. चौथीपर्यंतचं मराठी मला जन्मभर पुरलं. हे सगळं मी माझ्या हातानं वहीत लिहितोय. माझी भाची शिक्षिका आहे. ती म्हणाली, मामा, मी शुद्धलेखन तपासून देते. मी म्हटलं, वाच, पण पेन खाली ठेवून वाच.

घर खाडीच्या बांधाला लागून होतं. शेतं आणि मिठागरं नव्या शहराच्या कामाला गेली होती, होडी आणि घर तेवढं उरलं होतं. शेत गेलं तरी बाबा सकाळी उठून बांधावर जायचे, भराव घालणाऱ्या गाड्या बघत उभे राहायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे. दुपारी डोंगरात सुरुंग उडायचे. पहिला बार झाला की फळीवरची भांडी खणखणायची आणि आई चुलीपुढून म्हणायची, "झाले बारा." आमच्याकडं घड्याळ नव्हतं असं नाही, पण आईचा भरवसा सुरुंगावर जास्त. ओहोटीला निवट्या, म्हणजे चिखलातली बारकी मासळी, उड्या मारायच्या त्याचा फटक फटक आवाज ओट्यावर ऐकू यायचा. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं कालवण, नाहीतर सुकटीची चटणी. जाळ्यात जिताडा लागला तर तो दिवस सणाचा. आता माझी सून मला ओट्सची लापशी देते, डॉक्टरनं सांगितलंय म्हणून. खातो. पण हात वाटीकडं जाताना कुरकुरतो.

मी तेव्हा पंचविशीला टेकलो होतो, लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे गावच्या लेखी पोरगाच. कळंबोलीच्या लोखंड बाजारामागं एक रद्दीचं गोदाम होतं, तिथं कामाला जायचो. बंदरातून कंटेनर यायचे, त्यात परदेशची रद्दी, तारेनं आवळलेल्या मोठाल्या गाठी. पक्कडीनं तार तोडली की गाठ हुश्श करून फुगायची आणि त्यातून एक वास यायचा, दमट शाईचा, थोडा साबणासारखा. आमचं काम निवडायचं. वर्तमानपत्राचा कागद एकीकडं, पुठ्ठा एकीकडं, चकचकीत कागद एकीकडं. मासिक हातात आलं की कोयत्याच्या एका घावात त्याची पाठ उडवायची. पाठीला डिंक असतो, आणि गिरणीच्या हौदात डिंक गेला की लगदा नासतो. माझा हात असा बसला होता की बघायचंसुद्धा नाही. डाव्या हातानं ठेवायचं, उजव्या हातानं उडवायचं.

एक दिवस कोयता वर गेला आणि वरच राहिला. खाली मासिक होतं, त्याच्या पुठ्ठ्यावर लाल रंगाचं जुनं विमान, पंखावर पंख असे दोन मजले असलेलं. पण मी थांबलो तो विमानासाठी नाही. त्या विमानाच्या चाकाला टेकून एक म्हातारा गोरा बसला होता. मांडीवर डबा उघडलेला, तोंडात घास, आणि चेहऱ्यावर असं समाधान की जगात दुसरं काही काम शिल्लक नाही. आमचे बाबा होडीला टेकून असेच जेवायचे. मी ते मासिक पोटाशी धरलं. मुकादमानं पाहिलं. तो म्हणाला, "ने. पण वजनाला वजन." म्हणजे जेवढ्या वजनाचं मासिक नेईन तेवढी रद्दी मी गावातून आणून द्यायची. मी आणून दिली. मी कुणाचं फुकट घेत नाही, तेव्हाही घेत नव्हतो.

त्यानंतर माझी नजर त्याच मासिकावर बसली. नाव इंग्रजीत, ते वाचता येत नव्हतं, म्हणून मी त्याला निळ्या पट्टीचं म्हणायचो, कारण पाठीवर निळी पट्टी असायची. जुन्या विमानांचे शौकीन लोक तिकडं ते काढायचे आणि वाचायचे. आत सगळी बंद पडलेली विमानं, कुणाच्या गोठ्यात सापडलेली, कुणी चिखलातून काढलेली, कुणी दहा-दहा वर्षं खपून परत उडवलेली. अंकही पंधरा-वीस वर्षांचे जुने. गाठी तोडताना माझे कान टवकारलेले असायचे म्हटलं तरी चालेल, कारण निळ्या पट्टीचा कागद जाड होता, पडताना थोडा वेगळा वाजायचा. वर्षभरात तीन गोण्या भरल्या, खताच्या रिकाम्या प्लास्टिकच्या गोण्या, आणि त्या मी माळ्यावर ठेवल्या.

बाबांनी बरेच दिवस पाहिलं आणि एक दिवस तिसरी गोणी चढवताना मला पकडलं. "बाला, यो कागूद कनाला आनतंस घरान? सगला गाव घरातली रद्दी इकतो, तू इकतची घरान भरतंस?"

मला खरं सांगता येईना. विमानं बघायला आणतो, असं पंचवीस वर्षांचा माणूस बापाला कसं सांगणार? आत माझी बहीण यमुना तांदूळ पाखडत बसली होती, तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "यमीचे लग्नाला लागंल ना. मांडवाला पताका कराला. चकचकीत कागूद हाय."

बाबांचा राग जागच्या जागी विरला. ते आत जाऊन आईला म्हणाले, "आयकलंस? पोराला बहिनीची काळजी हाय." यमुना सूप थांबवून माझ्याकडं बघत राहिली. मला लाज वाटली, पण थोडीच. खोटं बोलून काम झालं की माणूस ते विसरून जातो. मी विसरलो. घरातले विसरले नाहीत.

आता हसनचाचांचं सांगायला पाहिजे. ते खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातले, कोकणी मुसलमान, सत्तरीच्या जवळ आलेले. आसपासच्या गावांतल्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांना काचबिंदू झाला होता. उजवा डोळा गेलेला, डावा जात चाललेला, आणि डॉक्टरनं सांगून टाकलं होतं की गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते वापरून घ्या. ते इंजिन कानानं तपासायचे. इंजिनावर हात ठेवून, मान वाकडी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "बावा, ह्याला खोकला नाय, ह्याला दमा हाय." रस्त्याला काशिनाथची चहाची टपरी होती, तिथं ते बसायचे, आणि तिथं त्यांची रोज थट्टा व्हायची. कारण तरुणपणी आखातातल्या एका बंदरात पाण्यावर उतरणारी विमानं होती आणि आपण त्यांच्यावर काम करत होतो, असं ते सांगायचे. धक्क्यापासून विमानापर्यंत उतारूंना लाँचनं न्यायचं हे त्यांचं काम.

काशिनाथ गिऱ्हाइकांकडं बघून डोळा मारायचा. "चाचा, इमान पान्यान उतरला त बुडनार नाय?"

"तुझी होडी बुडते काय?"

"होडीला पंख नसतात, चाचा. त्या इमानाला जालीन पकडायचे का तुमी?"

टपरी हसायची. चाचा चहा बशीत ओतून शांतपणे प्यायचे. त्यांना चिडताना मी पाहिलं नाही.

एके दिवशी गोदामातून येताना मी टपरीवर बसून नवा मिळालेला अंक चाळत होतो. काशिनाथनं पाहिलं आणि ओरडला, "घ्या! एक इमानवाला व्हता, आता रद्दीवालापन आला. जोडी जमली." चाचा उठून माझ्याशेजारी आले. त्यांनी अंक घेतला, डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरला, नाक लागेल इतका, आणि पानं उलटत गेले. मग एका पानावर बोट ठेवलं. "हे आमच्याकडं यायचं. असंच नाय, ह्याचा थोरला भाऊ." तिथं खरंच पाण्यावर टेकलेलं एक विमान होतं, पण चित्र बोटाच्या पेराएवढं. टपरीतल्यांना ते मचवाच वाटलं.

तिथून आमचा संबंध सुरू झाला. ते आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, आई त्यांना कोरा चहा द्यायची, मी अंक काढून त्यांच्या हातात द्यायचो. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांनी मनातलं सांगितलं. एका गोऱ्यानं त्यांचा फोटो काढला होता. विमान पाण्यावर उभं, बाजूला लाँच, आणि लाँचच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, लांब काठीचा आकडा घेऊन चाचा उभे. डाव्या हाताला पांढरी पट्टी बांधलेली, कारण आदल्या दिवशी दोरानं तळवा सोलला होता. पुढं कधीतरी त्यांच्या जुन्या साहेबानं चिठ्ठी पाठवली की तो फोटो एका विमानांच्या मासिकात छापून आलाय. अंक काही आला नाही.

"माझ्याकडं तरुणपणाचा एक फोटो नाय, बाला," ते म्हणाले. "पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेतला. आई-बाप गेले, भाऊ गेला. विसाव्या वर्षी मी कसा दिसायचो ते सांगणारं मानूस उरलेलं नाय. लोकांना पटो न पटो. मला एकदा बघायचाय. डोळा हाय तोवर."

मी म्हटलं, "मी शोधून देतो." आणि मी एकदा बोललो की बोललो.

चाचांनी माझ्या गोण्या पाहिल्या तेव्हा त्यांना हसू आलं. मी अंक विमानांच्या शेपटांप्रमाणं लावले होते. उभी शेपटं एका गोणीत, आडवी दुसऱ्या, दुहेरी तिसऱ्या. त्यांना बंदरातल्या पेट्यांवरचं वाचून वाचून थोडं इंग्रजी यायचं. ते म्हणाले, "अरे, प्रत्येकावर महिना लिहिलेला असतो. महिन्यानं लाव, म्हणजे कोणता अंक नाय ते कळंल." मी म्हटलं, माझं मला कळतं. ते म्हणाले, "मग शेपटानं सांग, मधला कोणता अंक गहाळ हाय?" मला सांगता आलं नाही. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी कोळशानं ओट्याच्या भिंतीवर बारा महिने त्यांच्याकडून लिहून घेतले आणि गिरवत बसलो. आई म्हणाली, शाळेत असा बसला असतास तर मास्तर झाला असतास. बारा महिने आणि आकडे, एवढंच माझं इंग्रजी. अजूनही तेवढंच आहे, आणि त्यातला एकही महिना मी विसरलेलो नाही. सगळे अंक मी नव्यानं लावले. प्रत्येक अंक आपल्या महिन्यात, प्रत्येक महिना आपल्या वर्षात. एका गोणीत तर एका वर्षाचे अकरा अंक भरले, एकच जागा मोकळी.

गौरीच्या सणाला दोन दिवस होते तेव्हा तो बारावा अंक सापडला. गाठीतून तो अर्धा ओला निघाला, मी पुसला, उघडला, आणि मधल्या पानावर, पानभर मोठं, पाण्यावरचं विमान. केवढं! आमच्या होडीएवढ्या दोन होड्या एकापुढं एक ठेवल्या तरी पुरणार नाहीत. बाजूला लाँच. नाळेवर एक पोरसवदा माणूस, हातात आकडा, डाव्या हाताला पांढरी पट्टी.

मी जेवायच्या सुट्टीत भाकरी तशीच ठेवून ते पान बघत बसलो. आणि संध्याकाळी टपरीवरून जाताना चाचा समोर बसलेले असताना मी सरळ घरी गेलो.

का गेलो, ते आता साठी उलटल्यावर नीट लिहिता येतं. त्या दिवशीही काशिनाथनं आवाज दिला होता, "ओ रद्दीवाले शेठ, चाचांचा इमान भेटला का?" माझ्या मनात आलं, इथं चार माणसांत कशाला? यमुनेचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. सगळा गाव मांडवात येणार, खाडीपलीकडचे येणार, काशिनाथही जेवायला बसणार. तेव्हा मी उठून सगळ्यांसमोर तो अंक चाचांच्या हातात देईन. चाचांचा शब्द खरा ठरंल आणि तो मी खरा केला असं गाव म्हणंल. दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा जास्त हवी होती. डोळा हाय तोवर, असं ते म्हणाले होते हे मला आठवत होतं. तीन महिन्यांत असं काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं. मधल्या काळात चाचा दोनदा घरी आले. दोन्ही वेळा अंक आधीपेक्षा जवळ धरत होते, मग थोडा बाजूला धरत होते, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितल्यासारखे. विचारायचे, "काय बावा, लागलं काय जाळ्यात?" मी म्हणायचो, "बघतोय." तो अंक त्यांच्या डोक्यावर माळ्यावर होता. मी तो वेगळा काढूनही ठेवला नाही. त्या वर्षाचे बारा अंक पूर्ण झाले होते ना. त्याच्या जागेवर, त्याच्या महिन्यात तो बसवला होता, आणि त्या भरलेल्या गोणीचं तोंड नव्या सुतळीनं बांधलं होतं. वेगळा काढला असता तर वाचला असता.

लग्नाच्या आदल्या दिवशी मुकादमानं दुपारी सोडलं. गावात शिरलो तर लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीचा आवाज लांबून येत होता. परड्यात मोठे टोप चढले होते, वड्याच्या पिठाचा वास सुटला होता, भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक काढून झाला होता. आणि मांडव! मी दारातच उभा राहिलो. मांडवभर, या खांबापासून त्या खांबापर्यंत, सुतळीवर पताका. निळ्या, लाल, चकचकीत. वारा आला की सगळीकडून पंख, चाकं, शेपटं हलत होती.

माझी आतू, बाबांची थोरली बहीण, खळीचं भांडं मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. "आला बघ यमीचा भाऊ! बघ, तुझे कागदांचा काय सोना झाला."

"आतू," मी म्हटलं, "हे कुनी काढलं?"

"कुनी म्हंजे? तूच बोल्ला व्हतास ना बापसाला, यमीचे मांडवाला पताका कराला आनलाय. आमी ध्यानान ठेवला. सगल्यांत नीटस बांधलेली गोनी व्हती ना, नवे सुतळीची, तीच घेतली. बोल्लो, ही पोराने खास लग्नालाच ठेवली आसंल."

दोन चुलत्या, चार शेजारणी, सगळ्या माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या. माझंच बोलणं होतं ते. मी शिडी घेतली आणि मांडवाला लावली.

एक-एक सुतळी उतरवून बघत गेलो. बायकांना वाटलं मी गाठी तपासतोय. पान कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापून दोन तुकडे केलेले, वरची तीन बोटं पट्टी सुतळीवर दुमडून खळीनं चिकटवलेली. चौथ्या सुतळीवर पट्टी बांधलेला हात सापडला. लाँच, आकडा, पाणी, विमानाचं पोट. दुसरा तुकडा तुळशीपाशी होता. पंख, शेपूट, आकाश, आणि माणसाचे खांदे. खांद्यांच्या वर दुमड. तोंड नेमकं त्या दुमडीत, खळीखाली.

कागदातच माझे दिवस जायचे. चिकटलेला चकचकीत कागद कसा सोडवायचा ते मी दुसऱ्यांना शिकवायचो: वाफेवर धरायचा, खळ नरम होऊ द्यायची, मग सुरीच्या टोकानं उचलायचा. दहा पावलांवर टोप उकळत होते, वाफेचे लोट निघत होते. पण माझे हात थांबले नाहीत. मी दुमड धरली आणि ओढली. साल निघावी तसा वरचा पापुद्रा निघाला आणि खाली पांढराफटक कागद राहिला, बोराएवढा. बाकी सगळं जागेवर, खांदे, मान, आकाश. तोंड तेवढं गेलं.

मी शिडीवरच होतो. यमुना हळदीची साडी नेसून दारात आली आणि म्हणाली, "दादा, काय झाला?" मी म्हटलं, "काय नाय. वारा बघतोय." तिच्या लग्नात मला दुसरं काही बोलायचं नव्हतं. मग ते दोन तुकडे एका पुठ्ठ्यावर जोडून चिकटवले.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, पंगती बसल्या. माणसं वडे हातात धरून वर बघत होती. म्हातारी माणसं एकमेकांना विमानं दाखवत होती. काशिनाथची मान तर खाली येईना. चाचा ठेवणीतली शेरवानी घालून आले होते, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. मी ठरवलं होतं तसंच केलं. सगळ्यांसमोर उठलो, पुठ्ठा त्यांच्या हातात दिला. ठरवलेलं एकही वाक्य मात्र तोंडातून निघालं नाही.

त्यांनी तो डाव्या डोळ्याच्या बाजूला धरला, हळूहळू सरकवला. मग म्हणाले, "हात माझाच हाय."

काशिनाथ वाकून बघत होता. विमान पाण्यावर होतं, त्यात काही शंका नव्हती. तरी त्याला राहवेना. "चाचा, इमान हाय, हात हाय. डोका कुठं गेला?"

"लग्नाला वाहिला," चाचा म्हणाले, आणि या वेळी टपरीवरचे चाचांबरोबर हसले. मग ते उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "ह्या पोरानं एवढ्या रद्दीतनं माझा शब्द शोधून काढला. पताका व्हायच्या अगोदर हाती लागला असता तर पुरा मिळाला असता, पन ते नशीब. मेहनत ह्याची." लोकांनी माझ्याकडं पाहिलं. बाबांनीसुद्धा पाहिलं. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं, अगदी जसं पाहिजे तसं, आणि मी वड्यांची परात उचलून वाढायला निघून गेलो.

ऊन कलल्यावर मी त्यांना होडीपर्यंत पोचवायला गेलो. नातू पुढं जाऊन होडीत बसला. चाचा बांधावर थांबले, पुठ्ठा छातीशी होता. आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तोंड कसं असंल रे? रागात असंल काय? हात दुखत होता त्या दिवशी."

मी गप्प राहिलो असतो तर कुणालाच काही कळलं नसतं. आजही कळलं नसतं. ओहोटी लागली होती, चिखलात निवट्यांचा आवाज चालला होता.

मी म्हटलं, "हसत होता तुमी."

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. इंजिन ऐकायला वळवायचे तशी. "तू कधी पाहिलास?"

"गौरीच्या अगोदर."

त्यांनी बोटांवर महिने मोजले नाहीत, मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. नातवानं होडीतून हाक मारली तेव्हा त्यांनी त्याला हातानं थांबवलं आणि बांधावर खाली बसले, शेरवानीसकट, चिखलाकडं तोंड करून.

"बस," म्हणाले. "आता नीट सांग. वरून सुरू कर. काय पन सोडू नको."

मी बसलो आणि सांगितलं. तीन महिने मी गोणी सोडून ते पान इतक्यांदा उघडलं होतं की मला आठवावं लागत नव्हतं. त्यानंतर ते ओट्यावर आले की चहा संपल्यावर म्हणायचे, "चल, तोंड सांग." मी सांगायचो. कधी एखादी गोष्ट राहिली तर ते टोकायचे, "आनि दात?" मग त्यांचं दिसणं पूर्ण बंद झालं आणि मी होडीनं त्यांच्याकडं जायला लागलो. माफी मी मागितली नाही. मला मागता येत नाही, आणि त्यांनीही ती मागायला लावली नाही. जे विचारलं ते मी चुकवलं नाही.

आमचं गाव आता तिथं नाही. त्या भागात विमानतळ झाला, आम्हाला दुसरीकडं घरं दिली. लोक म्हणतात, बालाराम, तुझ्या विमानांचा योग बघ कसा आला. मी म्हणतो, योगबिग काही नाही, जमीन सपाट लागते. उरलेल्या दोन गोण्या मी नव्या घरी आणल्या, पत्र्याच्या पेटीत महिन्यांप्रमाणं लावल्या. त्या वर्षाची जागा मोकळीच ठेवली आहे. तो अंक मला पुन्हा कधी सापडला नाही. भाची म्हणते, मामा, महिना सांगा, मी फोनवर काढून देते. मी महिना सांगत नाही. तिनं काढला आणि माझ्या सांगण्यात काही चुकलेलं निघालं तर ते सांगायला आता चाचा कुठं आहेत? म्हणून इथं लिहून ठेवतो, वरून सुरू करून, काही न सोडता.

गोल टोपी, मागं सरकलेली. कपाळावर ओले केस चिकटलेले, डावीकडं जास्त. उन्हामुळं डोळे बारीक केलेले. मिशी अजून धड आलेली नाही, ओठावर नुसती सावली. तोंड उघडं, हसू आणि हाक दोन्ही एकदम आल्यासारखं. खालचा एक दात वाकडा. नजर फोटो काढणाऱ्याकडं नाही, विमानाच्या दाराकडं आहे, तिथून कुणीतरी उतरणार आहे.

शेवटच्या आठवड्यात चाचा खाटेवर होते, बोलणं थांबलं होतं. मी कानाशी जाऊन सुरुवात केली, "गोल टोपी, मागं सरकलेली." त्यांचा डावा हात सावकाश वर गेला आणि डोक्यावर नसलेली टोपी त्यांनी मागं सरकवली.